हाफ मॉडेल (नौकाबांधणी)

शिडे, डोलकाठ्या, दोरखंड आणि डेकवरचे सामान वगळले की नौकेचे नुसते धड उरते. त्या धडाचे नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत उभे दोन भाग कल्पून त्यांतली एकच बाजू लाकडात कोरतात, त्या लहान नमुन्याला हाफ मॉडेल म्हणतात. त्याची सपाट बाजू फळीवर बसवून ते भिंतीला टांगतात. शिडाच्या यॉटची, म्हणजे हौसेच्या किंवा शर्यतीच्या नौकांची, जुनी हाफ मॉडेल आज शोभेच्या वस्तू म्हणून ओळखली जातात. मुळात मात्र ती कामाची अवजारे होती. 19व्या शतकातल्या अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आधी मॉडेल कोरले जाई आणि त्याबरहुकूम नौका बांधली जाई. म्हणून कारागिराच्या हातचे अस्सल मॉडेल हे त्या यॉटचे मूळ आहे आणि यॉट ही त्याची वाढवलेली आवृत्ती.

नौकेच्या दोन्ही बाजू सारख्याच असल्याने एका बाजूची मापे दोन्हीकडे चालतात. पूर्ण धड कोरायचे तर दोन्ही अंगे तंतोतंत जुळवण्यात वेळ जाणार आणि हाती नवे काही लागणार नाही. शिवाय अर्ध्या मॉडेलची सपाट बाजू कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली की नाळ, तळाचा कणा आणि मागची बाजू यांची बाह्यरेषा आयती मिळते.

सुरुवातीची मॉडेल एकसंध ठोकळ्यातून कोरलेली असत. त्यांवरून आडवे छेद मिळवायचे तर मॉडेल करवतीने कापावे लागे. थरांच्या मॉडेलने ही अडचण दूर केली. मॅसॅच्युसेट्समधील न्यूबरीपोर्ट येथील जहाजबांधणीकार ऑर्लँडो मेरिल यांना या पद्धतीचे श्रेय सहसा दिले जाते आणि त्यासाठी 1794 हे वर्ष सांगितले जाते. यात सारख्या जाडीच्या फळ्या एकावर एक रचून लाकडी खुंट्यांनी किंवा स्क्रूंनी जखडतात आणि मग त्या गठ्ठ्याला आकार देतात. पाइन आणि त्याहून गडद असे एखादे लाकूड आलटूनपालटून वापरले, तर कोरलेल्या अंगावर थरांच्या कडा पट्ट्यांसारख्या उमटतात. पाण्याच्या पातळीला समांतर जाणाऱ्या या वळणांवरून नौका पाणी कसे कापेल, याचा अंदाज जाणकार घेत.

कोरताना आधी मोठी अवजारे, मग पटाशी, कानस, खरवडणी आणि शेवटी काचकागद अशी पायरी असे. डोळ्याला न दिसणारा उंचवटा बोटाला कळतो, म्हणून तळहात वारंवार अंगावरून फिरवला जाई. लवचीक लाकडी पट्टी वाकवून लावली की फट कुठे राहते तेही दिसे. मनाजोगता आकार आला की खुंट्या काढायच्या, प्रत्येक थर कागदावर ठेवून त्याची कड आखायची आणि ठरावीक अंतरांवर रुंदी मोजायची. एका फुटाला पाव इंच असे प्रमाण धरले, तर शंभर फुटी स्कूनर (दोन किंवा अधिक डोलकाठ्यांची शिडाची नौका) 25 इंचांत मावते. पण त्याच प्रमाणात मॉडेलवरची 1 मिलिमीटरची चूक नौकेवर 48 मिलिमीटरची होते. त्यामुळे मापे मोठ्या लाकडी जमिनीवर पूर्ण आकारात आखून रेषा पुन्हा सफाईदार करून घेत आणि त्यांवरून फर्मे, म्हणजे लाकूड कापण्यासाठीचे नमुने, कापत.

यॉटच्या क्षेत्रात ही कला ऱ्होड आयलंडमधील ब्रिस्टॉल येथे कळसाला पोहोचली. जॉन ब्राउन हेरेशॉफ आणि नॅथानिएल हेरेशॉफ या बंधूंनी 1878 मध्ये तेथे कंपनी सुरू केली. जॉन यांची दृष्टी किशोरवयातच गेली होती. ते व्यवहार सांभाळत आणि मॉडेल हातांनी चाचपून त्याच्या आकाराविषयी मत देत. नॅथानिएल हे शिकलेले अभियंते. गणित उत्तम येत असूनही धडाचा आकार ते कागदावर न ठरवता लाकडात ठरवत. मॉडेलवरून मापे उतरवण्यासाठी त्यांच्याकडे खास उपकरण होते आणि त्या आकड्यांवरूनच कारखान्यात पूर्ण आकाराची आखणी होई. 1891 ची ‘ग्लोरियाना’ आणि 1893 ते 1920 या काळात अमेरिका चषक ही यॉटच्या शर्यतीतली आंतरराष्ट्रीय ढाल राखणाऱ्या ‘व्हिजिलंट’, ‘डिफेंडर’, ‘कोलंबिया’, ‘रिलायन्स’, ‘रेझोल्यूट’ या यॉट त्यांच्याच. ब्रिस्टॉलच्या हेरेशॉफ संग्रहालयात त्यांची शेकडो मॉडेल जपलेली आहेत. या विषयात ज्याला रस आहे, त्याने पाहावा असा याहून मोलाचा संग्रह क्वचितच असेल.

1844 मध्ये स्थापन झालेल्या न्यूयॉर्क यॉट क्लबने सदस्यांच्या यॉटची मॉडेल आरंभापासून गोळा केली. शर्यतीत लहानमोठ्या यॉटना वेळेची सवलत द्यायची तर आकाराचा पुरावा हवा, हे त्यामागचे व्यावहारिक कारण. मॅनहॅटनमधील 44व्या रस्त्यावरच्या क्लबच्या इमारतीत त्यांसाठी स्वतंत्र भव्य दालन आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड बर्जेस यांच्यासारखे आराखडाकार कागदावर काम करू लागले. नौका किती पाणी बाजूला सारेल, तिचा तोल कसा राहील, ही गणिते रेखाचित्रावरून करणे सोपे होते. त्यानंतरही मॉडेल बनत राहिली, पण बहुधा आराखड्यावरून, मालकाला भेट द्यायला.

जुन्या मॉडेलांचा इतिहासाला झालेला उपयोग मोठा आहे. कित्येक नौकांचे आराखडे कागदावर कधी बनलेच नाहीत आणि नौकाही उरल्या नाहीत. स्मिथसोनियन संस्थेतील हॉवर्ड चॅपेल यांनी अशा मॉडेलांवरून रेषा उतरवून अमेरिकी मासेमारी स्कूनरांच्या आणि इतर नौकांच्या आकारांची नोंद तयार केली.

अस्सल कामाचे मॉडेल ओळखताना आधी मागची बाजू पाहावी. खुंट्यांची भोके, पेन्सिलीच्या उभ्या खुणा, मोजमापाचे आकडे, हाताळून गुळगुळीत झालेल्या कडा ही चांगली लक्षणे. चकचकीत रंग, सुकाणू आणि पितळी नावपट्टी असलेले मॉडेल बहुधा दालनासाठी केलेले असते. तेही जुने असू शकते, पण त्याचे काम वेगळे होते. जुने व्हार्निश घासून काढणे ही सर्वांत घातक दुरुस्ती. त्यासोबत पेन्सिलीच्या खुणा जातात आणि लाकूड किंचित झिजल्याने मापेही बदलतात. सुकून थरांमध्ये पडलेली फट भरून टाकण्यापेक्षा तशीच ठेवलेली बरी.