वेगवान म्हणजे नेमकी कुठे वेगवान?

हौशी मोटार शर्यतवाल्यांमध्ये एक वाद कधीच मिटत नाही. ड्रॅगवाला म्हणतो, दम असेल तर पाव मैल सरळ पळवून दाखव. ऑटोक्रॉसवाला म्हणतो, सरळ काय, कुणीही जाईल. जमिनीवर मांडलेल्या शंकूंमधून गाडी काढून दाखव. सर्किटवर, म्हणजे शर्यतीच्या बंद ट्रॅकवर पळणारा दोघांनाही मोडीत काढतो: मिनिटभराचा खेळ तुमचा, वीस फेऱ्या झाल्यावर बोलू. जो तो आपलंच घोडं पुढे दामटतो. गंमत अशी की भौतिकशास्त्राच्या हिशेबात तिघंही खरे ठरतात, कारण या तिन्ही खेळांत गाडी वेगवेगळ्या ठिकाणी अडते.

वादाचं माहेर अमेरिका. तिथे नोकरी-धंदा सांभाळून शनिवार-रविवारी शर्यतीला जाणारे पुष्कळ. 1944 साली स्थापन झालेला ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ ऑटोक्रॉस आणि सर्किट, दोन्ही सांभाळतो. ड्रॅग शर्यतींसाठी वॉली पार्क्स यांनी 1951 मध्ये कॅलिफोर्नियात ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ काढली. रस्त्यावर पैजा लावणाऱ्या पोरांना ठरावीक जागेत, नियमात आणायचं हा त्यामागचा एक हेतू. आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. भारतात ऑटोक्रॉस बहुधा मातीवर होते. इथे मात्र डांबरावरच्या अमेरिकी प्रकाराबद्दल बोलतोय: मोकळं पार्किंग किंवा जुनी धावपट्टी, शंकू मांडून आखलेला नागमोडी मार्ग, एका वेळी एकच गाडी, स्पर्धा घड्याळाशी, आणि एक शंकू पाडला की वेळेत 2 सेकंदांची भर.

आधी ड्रॅग. पाव मैल म्हणजे 402 मीटर. ताकद म्हणजे दर सेकंदाला मिळणारी ऊर्जा, आणि गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ही दोन वाक्यं एकत्र मांडून गणित केलं, तर ठरावीक अंतर कापायला लागणारा वेळ हा ‘वजन भागिले ताकद’ या संख्येच्या घनमुळाच्या प्रमाणात येतो. घनमूळ मोठं कंजूष असतं. चालकासकट 1000 किलोची, 90 हॉर्सपॉवरची गाडी हे अंतर साधारण 17 सेकंदांत कापते. ताकद 10 टक्के वाढवा, जेमतेम अर्धा सेकंद वाचतो. दुप्पट करा, वेळ साडेतेराच्या आसपास येते. वेळ निम्मी करायची तर ताकद आठपट हवी! आणि उन्हाळ्यात उलटा फटका. 15 अंशांची हवा 40 अंशांवर गेली की सुमारे 8 टक्क्यांनी विरळ होते, टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंप) नसलेल्या इंजिनाची ताकद जवळपास तेवढीच घटते. म्हणून मुरलेले ड्रॅगवाले हवेचं तापमान आणि दाब मोजायची यंत्रं जवळ बाळगतात.

पण ही ताकद रस्त्यापर्यंत पोचवायची कुणी? टायरनं. 1200 किलोच्या गाडीचा प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो भाग टपाल खात्याच्या पोस्टकार्डाएवढा. आणि गाडी सुटताना वजन मागे सरकतं. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत, म्हणजे आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक छोट्या गाड्यांत, उभी असताना समजा 60 टक्के वजन पुढे आहे. जोरात सुटली की त्यातलं दहा-अकरा टक्के मागे जातं, म्हणजे ओढणाऱ्या चाकांवरचाच भार कमी होतो. मागची चाकं ढकलणाऱ्या गाडीला हेच सरकलेलं वजन फुकटात पकड देतं. म्हणूनच नुसता हॉर्सपॉवरचा आकडा सांगणाऱ्याला मी आधी विचारतो, कुठली चाकं ओढतात?

हौशी ड्रॅगमधला ब्रॅकेट प्रकार मला सगळ्यांत चतुर वाटतो. आपली गाडी किती सेकंदांत जाईल, हे चालकानं आधीच जाहीर करायचं. हळू गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडतात. आणि जाहीर केल्यापेक्षा लवकर पोचलात, तर सहसा हरलात. म्हणजे इथे इंजिनाचा मोठेपणा कापून टाकला आणि उरला तो माणूस: दिवे बघून नेमका किती चटकन सुटतो, आणि दर वेळी तीच कामगिरी करू शकतो का. 17 सेकंदांची गाडी 11 सेकंदांच्या गाडीला हरवते, आणि तेही रीतसर.

आता वळण. सपाट वळणावर गाडीचा कमाल वेग काढताना समीकरणातून वजन चक्क रद्द होतं. उरतात फक्त वळणाची त्रिज्या आणि टायरची पकड. चांगल्या टायरवर 10 मीटर त्रिज्येचं वळण सुमारे 35 किमी वेगाने निघतं, 100 मीटरचं 110च्या पुढे. हॉर्सपॉवरला या गणितात जागाच नाही. ऑटोक्रॉसवाल्याची कॉलर ताठ होते ती इथे.

अर्थात वजन पूर्ण सुटत नाही. रबराचा एक खोडसाळ गुण आहे: भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्यांवर जातो, तेव्हा बाहेरची चाकं जेवढं कमावतात त्याहून जास्त आतली गमावतात. गाडी जड, उंच, अरुंद असेल तर हा तोटा वाढतो. पण अरुंदपणाचा फायदाही आहे, आणि तो फार थोड्यांच्या लक्षात येतो. 18-18 मीटर अंतरावर एका ओळीत मांडलेले शंकू डावी-उजवीकडून चुकवत जायचे आहेत असं धरा. गाडीचा मध्य ओळीपासून दोन्हीकडे 1 मीटर झुकत असेल, तर वेग साधारण 65 किमीपर्यंत नेता येतो. गाडी 20 सेंटीमीटर जास्त रुंद असेल, तर तिला प्रत्येक बाजूला 10 सेंटीमीटर जास्त झुकावं लागतं आणि वेग 62 वर येतो. शर्यतीचा निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात, तिथे 3 किमी म्हणजे पुष्कळ झाले. 1989 साली आलेली माझदाची मिआटा एवढी वर्षं या खेळात का टिकली, याचं उत्तर यात आहे. लहान, हलकी, पुढे-मागे जवळपास समान वजन. पाव मैलात तिला फोर्डची आजची, व्ही-8 म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाची मस्टँग धूळ चारेल. शंकूंमध्ये तीच मस्टँग अवघडून जाते.

वळता वळता ब्रेक किंवा अ‍ॅक्सिलरेटर वापरला तर? टायरची पकड एकच, ती वाटून घ्यावी लागते, पण साध्या बेरजेने नव्हे, वर्गांच्या बेरजेने. पायथागोरस इथेही आहेच. वळायला 80 टक्के पकड वापरली, तर ब्रेकला 20 नाही, तब्बल 60 टक्के उरते. त्यामुळे कसलेला चालक ब्रेक पूर्ण सोडून मग स्टिअरिंग फिरवत नाही. एक सोडत सोडत दुसरं वाढवतो. हे पायाला कळायला फार वेळ लागतो, आणि ऑटोक्रॉसमध्ये चूक झाली तर बहुधा एक शंकूच आडवा होतो. शिकायला याहून स्वस्त जागा नाही, असं माझं मत.

सर्किटवर हे सगळं असतंच, वर दोन गोष्टी येतात: हवा आणि उष्णता. हवेशी झुंजायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. 60 किमीला दोन-अडीच हॉर्सपॉवर पुरते, 200 किमीला नव्वदच्या आसपास लागते. म्हणून ग्रेटर नोएडाच्या 5.125 किमीच्या बुद्ध सर्किटवर, जिथे एक सरळ पट्टा किलोमीटरहून लांब आहे, ताकदवान गाडी पुन्हा वरचढ होते. ऑटोक्रॉसमध्ये हवा जवळपास विसरली तरी चालते.

पण त्या पट्ट्याच्या शेवटी थांबावं लागतं. 1200 किलोची गाडी 200 वरून 80 वर आणताना दीड मेगाज्यूलहून जास्त ऊर्जा उष्णतेत जाते. त्यातली 70 टक्के पुढच्या दोन डिस्कवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकड्यांवर) पडली, आणि डिस्क 7-7 किलोच्या असल्या, तर एका ब्रेकला त्यांचं तापमान सुमारे 170 अंशांनी चढतं. ते पूर्ण उतरायच्या आत पुढचं वळण. ही उष्णता डिस्क आवळणाऱ्या पॅडमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. नवं डॉट-4 प्रतीचं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पुरेसं पाणी मुरलं की उकळबिंदू 155 पर्यंत घसरू शकतो. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे, आणि वाफ दाबली जाते. ब्रेकचा जोर चाकापर्यंत जाण्याऐवजी बुडबुडे दाबण्यात संपतो. पेडल थेट तळाला. ड्रॅग किंवा ऑटोक्रॉसमध्ये वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेली गाडी सर्किटवर चौथ्या-पाचव्या फेरीत असा दगा देऊ शकते, आणि जड व्ही-8 वाल्यांना हा धडा मिआटावाल्यांच्या आधी मिळतो.

म्हणून सर्किटवर जायच्या आधी ब्रेक ऑइल बदलायचं. शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता, हळू काढायची, म्हणजे वारा लागून डिस्क निवतात. आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबवायच्या जागेत, थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेल्या डिस्कवर पॅड आवळून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला दगड लावायचा.