मणक्यांच्या उपचारात रुग्णाला ‘आंधळे’ ठेवणे

नॉर्वेतील आकर्सहुस विद्यापीठ रुग्णालयात अर्धशिशीच्या १०४ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत काहींच्या मणक्यांवर हातांनी खरा उपचार केला, तर काहींना तसाच भासणारा खोटा उपचार दिला. प्रत्येक उपचारानंतर रुग्णांना विचारले जाई की, तुम्हाला खरा उपचार मिळाला असे वाटते का? या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. डोकेदुखीच्या आकड्यांइतकीच या साध्या प्रश्नाची उत्तरेही मला मोलाची वाटतात, कारण हातांनी केलेल्या उपचारांच्या चाचण्यांचा सगळा भरवसा त्या उत्तरांवरच अवलंबून असतो.

औषधाची गोळी आणि तिच्यासारखीच दिसणारी साखरेची गोळी तयार करता येते, त्यामुळे कोणाच्या वाट्याला काय आले हे रुग्णाला कळत नाही आणि गोळी देणाऱ्या डॉक्टरलाही कळत नाही. कायरोप्रॅक्टर किंवा ऑस्टिओपॅथ (मणके आणि सांधे हातांनी हाताळून उपचार करणारे) मात्र स्वतःच्या हातांनी मणक्यावर झटका देतो, आणि आपण काय करत आहोत हे त्याला ठाऊक नसणे शक्यच नाही. म्हणून या क्षेत्रात फार तर रुग्णाला आणि मोजमाप करणाऱ्याला अनभिज्ञ, म्हणजेच ‘आंधळे’, ठेवता येते. (असा प्रयत्न नवा नाही. १७८४ साली पॅरिसमध्ये मेस्मरच्या चुंबकीय उपचारांची तपासणी करताना बेंजामिन फ्रँकलिन यांच्या आयोगाने रुग्णांच्या डोळ्यांवर खरोखरच पट्ट्या बांधल्या होत्या.) वेदना मोजण्याचे यंत्र नाही, किती दुखते हे रुग्णच सांगतो. आपल्याला खोटा उपचार मिळाला असे ज्याला कळून चुकले, त्याची निराशा त्याच्या उत्तरात उतरते आणि खरा उपचार आहे त्यापेक्षा अधिक गुणकारी दिसू लागतो.

मग लटका उपचार कसा असावा? नॉर्वेतील संशोधकांनी त्यावर बारकाईने विचार केला होता. खऱ्या उपचारात कायरोप्रॅक्टर नेमका मणका निवडून त्यावर थोड्याच अंतराचा, पण वेगवान झटका देत असे. लटक्या उपचारात तो खांद्याच्या फऱ्याच्या बाहेरच्या कडेवर किंवा नितंबाच्या भागावर, कण्यापासून दूर, पसरट हाताने आणि कमी वेगाने दाब देई. सांधा आधी ताणून न घेतल्यामुळे त्यातून ‘कट्’ असा आवाज येत नसे. हा आवाज म्हणजे मोठी अडचण असते, कारण सांध्यातील द्रवावरचा दाब एकाएकी कमी होऊन पोकळी तयार होताना होणारा तो आवाज लोकांना उपचार ‘लागू पडल्याची’ खूण वाटतो, आणि तो ऐकू आला नाही तर रुग्णाला शंका येणे साहजिक आहे.

तरीही बारा आठवड्यांतील बारा उपचारांनंतर खऱ्या आणि लटक्या अशा दोन्ही गटांतील ८० टक्क्यांहून अधिक रुग्णांना आपल्याला खराच उपचार मिळाला असे वाटत होते. हे यश मोजण्यासाठी २००४ साली मांडलेला बँग निर्देशांक वापरला जातो. गटातील सर्वांनी बरोबर ओळखले तर तो अधिक एक येतो, सर्वांनी चुकीचे ओळखले तर उणे एक, आणि नुसता अंदाज चालला असेल तर शून्याच्या आसपास. समजा, दोन्ही गटांतील शंभरापैकी ८० जण ‘खरा’ म्हणाले आणि २० जण ‘खोटा’. तर खऱ्या गटाचा निर्देशांक अधिक ०.६ येईल आणि लटक्या गटाचा उणे ०.६. वरकरणी हे आकडे शून्यापासून दूर दिसतात, पण दोन्ही गटांची अपेक्षा सारखीच होती हेच ते सांगतात, आणि तुलना न्याय्य होण्यासाठी नेमके तेच हवे असते.

अर्धशिशीचे काय झाले? उपचार संपले तेव्हा तिन्ही गटांत, म्हणजे केवळ नेहमीची औषधे चालू ठेवलेल्या तिसऱ्या गटातही, दुखण्याचे दिवस कमी झाले होते. पुढच्या पाठपुराव्यात तिसरा गट मूळपदावर आला, पण खऱ्या आणि लटक्या उपचारांच्या गटांतील सुधारणा टिकून राहिली आणि त्या दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. दिसलेला गुण बहुधा प्लासिबोचा, म्हणजे उपचार मिळाल्याच्या नुसत्या विश्वासाचा होता, असे संशोधकांनीच लिहिले. रुग्णांचा समज मोजलेला नसता, तर या निष्कर्षाला इतके वजन आले नसते.

सगळीकडे लटका उपचार असा जुळवून घेतलेला नसतो. फ्रान्समध्ये कंबरदुखीच्या ४०० रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ऑस्टिओपॅथीच्या तुलनेसाठी केवळ हलका स्पर्श वापरला होता. हालचालींतील अडचणींच्या मोजपट्टीवर ऑस्टिओपॅथीच्या बाजूने फरक दिसला, पण रुग्णाला जाणवण्याइतका तो मोठा नव्हता. जिथे फरकच मुळात लहान आहे, तिथे हलका स्पर्श आणि जोरकस हाताळणी यांतला भेद किती रुग्णांच्या लक्षात आला असेल हा प्रश्न टाळता येत नाही.

‘खरा उपचार मिळाला असे वाटते का?’ हे रुग्णाला केव्हा विचारावे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. चाचणी संपल्यावरच विचारले तर ज्याचे दुखणे कमी झाले तो ‘खराच उपचार होता’ म्हणणार. म्हणजे त्याने उपचार ओळखला की स्वतःच्या बरे वाटण्यावरून तर्क केला, हे वेगळे करता येत नाही. पहिल्या उपचारानंतर लगेच विचारलेले उत्तर या गोंधळापासून बरेचसे मुक्त असते.

नॉर्वेतील चाचणीत, आधीच्या वर्षभरात अशी हाताळणी करून घेतलेल्यांना प्रवेश नव्हता. महाराष्ट्रात अशी चाचणी घ्यायची झाल्यास ही अट पाळणे अवघड जाईल, कारण केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून मान कडकन मोडून घेतलेले किंवा कंबरेत उसण भरली म्हणून हाडवैद्याकडे जाऊन आलेले लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या पाठीला खरा झटका ओळखीचा असतो. इथल्या रुग्णांची निवड करताना ‘कायरोप्रॅक्टरकडे गेला होता का?’ एवढे विचारून भागणार नाही. सलून आणि हाडवैद्य यांची नावे घेऊनच विचारावे लागेल.