पाटील, स्मिता

(१७ ऑक्टोबर १९५५ – १३ डिसेंबर १९८६). मराठी व हिंदी चित्रपटांतील अभिनेत्री, समांतर (धंदेवाईक चौकटीबाहेरच्या, वास्तववादी) चित्रपटाच्या चळवळीचा सर्वांत ओळखीचा चेहरा. कारकीर्द जेमतेम बारा वर्षांची, चित्रपट सुमारे ८०. त्यांत मराठी आणि हिंदीबरोबर गुजराती, बंगाली, तेलुगू आणि मल्याळम चित्रपटही आहेत. अभिनयाचे दोन राष्ट्रीय पुरस्कार आणि पद्मश्री (१९८५) हे मान तिला तिशीच्या आतच मिळाले. मराठी घरांत तिचा उल्लेख कायम एकेरीच झाला, घरातल्या मुलीचा व्हावा तसा. या नोंदीतही तो तसाच ठेवला आहे.

जन्म पुण्याचा, घराणे खानदेशातले. वडील शिवाजीराव गिरधर पाटील धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचे. स्वातंत्र्यलढा, मग समाजवादी चळवळ, पुढे काँग्रेस आणि राज्याचे मंत्रिपद असा त्यांचा प्रवास. आई विद्याताई समाजकार्यात होत्या. तीन बहिणींत स्मिता मधली. पुण्यात रेणुका स्वरूप शाळेत शिकत असताना ती राष्ट्र सेवा दलात जाऊ लागली आणि तिथल्या कलापथकात रमली. अभिनयाची तिची पहिली शाळा कोणती, असे विचारले तर हेच कलापथक सांगावे लागेल. समूहात नाचायचे, समूहात गायचे, रांगेतल्या कुणीही स्वतःला पुढे काढायचे नाही, ही तिथली शिस्त. पुढे कॅमेऱ्यासमोर गर्दीत मिसळून जाण्याची जी हातोटी तिच्यात दिसली, तिचे मूळ मला तरी तिथे दिसते.

वडील मंत्री झाल्यावर कुटुंब मुंबईला आले. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि काही काळातच स्मिता तिथे मराठी बातम्या वाचू लागली. त्या नोकरीचीही गोष्ट आहे. वृत्तनिवेदिका असलेल्या मैत्रिणीच्या छायाचित्रकार पतीने तिची काही छायाचित्रे काढली होती. ती दूरदर्शनच्या कार्यालयात पाहायला मांडलेली असताना केंद्रप्रमुखांची नजर पडली आणि ही मुलगी कोण, अशी विचारणा झाली. बातम्या वाचायच्या म्हणजे साडी हवी. स्मिता जीन्सवर यायची आणि त्यावरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची. टेबलाखालचे कुणाला दिसणार? मोठे कुंकू, सावळा रंग, ठसठशीत डोळे आणि स्वच्छ उच्चार यांमुळे प्रेक्षक बातम्यांइतकेच तिलाही पाहू लागले. गोऱ्या गुळगुळीत चेहऱ्यांना सरावलेल्या पडद्याला हा चेहरा कसा चालणार, असा प्रश्न तेव्हा चित्रपटवाल्यांना पडला असता. दूरचित्रवाणीने तो परस्पर सोडवला.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अरुण खोपकर यांनी केलेल्या ‘तीव्र मध्यम’ (१९७४) या पदविका-चित्रपटात तिने काम केले. श्याम बेनेगल यांनी तिला बालचित्रपट ‘चरणदास चोर’ (१९७५) मध्ये राजकन्या केले, लगोलग ‘निशांत’ (१९७५) मध्ये जमीनदाराच्या घरातली धाकटी सून. त्याच वर्षी जब्बार पटेल यांच्या ‘सामना’ या पहिल्या चित्रपटातही ती छोट्या भूमिकेत आहे.

‘मंथन’ (१९७६) हा गुजरातमधल्या दूध सहकारी चळवळीवरचा चित्रपट. पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये काढून तो उभा केला. स्मिता त्यात बिंदू झाली, नवरा सोडून गेलेली, पदरी लेकरू असलेली, जिभेला धार असलेली गावातली बाई. चित्रीकरण राजकोटजवळच्या सांगणवा गावात झाले. तिथे शूटिंग पाहायला आलेल्या मुलांनी नायिका कुठे आहे म्हणून विचारले, तेव्हा ती गावातल्या बायकांच्या घोळक्यातच बसलेली होती आणि दाखवूनही त्यांचा विश्वास बसेना, हा किस्सा पुष्कळदा सांगितला गेला आहे. चित्रपट पाहताना तो खरा वाटतो. बिंदू उकिडवी बसते ती कष्टकरी बाई बसते तशी, गुडघ्यांवर हात टाकून, अंगाचा सगळा भार टाचांवर सोडून. शहरी नट्यांचे ढोंग अशा बसण्यातच उघडे पडते. स्मिताचे पडत नाही.

‘भूमिका’ (१९७७) करताना तिचे वय एकवीसच्या आसपास. नायिकेची कहाणी हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेली. त्या आत्मकथनाला नाव मिळाले ते त्यांच्याच १९५९ सालच्या गाजलेल्या तमाशापटाचे. आईचा विरोध असताना घरच्या गरजेने सिनेमात आलेली, नवऱ्याने पैशासाठी राबवलेली, एकामागून एक पुरुषांकडे घर शोधत जाणारी आणि शेवटी एकटीच उरणारी ही बाई. किशोरवयापासून थकलेल्या प्रौढपणापर्यंतचा पल्ला स्मिताने जेमतेम विशी ओलांडताना गाठला. सुरुवातीलाच सेटवर लावणीच्या ठेक्यावर नाचणारी उषा दिसते, हसरी, ठसक्यात. काम थांबल्यावरची उषा पाहावी. खांदे उतरतात, चेहऱ्यावरचा उजेड जातो. वयासाठी रंगभूषा जेवढी लागली त्याहून जास्त काम तिच्या चालीने आणि आवाजाने केले आहे. काळे नावाच्या सरंजामी गृहस्थाच्या वाड्यात ती मंगळसूत्र, पदर, स्वयंपाकघर यांत काही दिवस खरोखर सुखावते आणि मग तिला कळते की वाड्याचा दरवाजा तिच्यासाठी आतूनही बंद आहे. हे कळण्याचा क्षण तिने आरडाओरडा न करता वठवला. या भूमिकेने तिला पहिला राष्ट्रीय पुरस्कार दिला.

दुसरा मिळाला तो ‘चक्र’साठी. रवींद्र धर्मराज यांचा हा चित्रपट जयवंत दळवी यांच्या कादंबरीवरून केलेला. मुंबईच्या झोपडपट्टीत तरण्या मुलासह राहणारी, एका ट्रकचालकात आणि एका भुरट्या गुंडात आधार शोधणारी अम्मा ही भूमिका. स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नो चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला १९८१ चे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, फिल्मफेअरही स्मिताला याच भूमिकेसाठी. मात्र इकडे जाहिरातीत वापरले गेले ते उघड्यावर अंघोळ करणाऱ्या अम्माचे चित्र. झोपडपट्टीतल्या बाईला आडोसाही मिळत नाही, हे सांगणारे दृश्य भिंतीवर चिकटवल्यावर भलतेच सांगू लागले. त्यावरची आपली नाराजी तिने लपवली नाही.

इथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. स्मिताला हिंदी समांतर चित्रपटाची नायिका म्हणतात आणि तिचे दोन्ही राष्ट्रीय पुरस्कार हिंदी चित्रपटांचेच आहेत. पण दोन्हींची मुळे मराठी पुस्तकांत. ‘अर्धसत्य’ (१९८३) श्री. दा. पानवलकर यांच्या कथेवरून आला. त्यात ती ज्योत्स्ना गोखले ही प्राध्यापिका आहे, आणि इन्स्पेक्टर वेलणकर तिच्यासमोर जी कविता वाचतो ती दिलीप चित्रे यांची. ‘सामना’, ‘निशांत’, ‘मंथन’, ‘आक्रोश’, ‘अर्धसत्य’, ‘उंबरठा’ या सहाही चित्रपटांच्या लेखनात विजय तेंडुलकर आहेत आणि सहाही चित्रपटांत स्मिता आहे. सत्तरीच्या दशकात मराठी साहित्यात आणि रंगभूमीवर जे तापले होते, ते हिंदीच्या पडद्यावर उतरायला जो देह आणि जो आवाज लागला, तो बराचसा तिचा होता.

खुद्द मराठीत तिने मोजकेच काम केले. त्यातले दोन चित्रपट विसरता येत नाहीत. दोन्हींचे दिग्दर्शक जब्बार पटेल. ‘जैत रे जैत’ (१९७७) गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवर, गीते ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. सह्याद्रीतल्या ठाकर समाजातली चिंधी तिने केली. नको असलेला नवरा टाकून चिंधी आपल्या मनाने नाग्याकडे येते आणि मधमाश्यांवर सूड उगवण्याच्या त्याच्या वेडात त्याच्या पाठीशी उभी राहते. मोहन आगाशे यांचा नाग्या भाबडा, घुमा. चिंधी म्हणजे वाहते पाणी. गाणी चित्रपटभर आहेत आणि ती ओठांवर घेताना स्मिता डोंगर चढत असते, उतरत असते, धापा टाकत असते. ‘चिंधी’ पाहिलेल्या माणसाला ‘अम्मा’ आणि ‘बिंदू’ परक्या वाटत नाहीत, पण एकसारख्याही वाटत नाहीत.

‘उंबरठा’ (१९८२) त्याच्या अगदी उलट. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरचा हा चित्रपट हिंदीत ‘सुबह’ या नावाने आला. सुलभा महाजन सुखवस्तू घरातली, शिकलेली, वकिलाची बायको, एका मुलीची आई. महिला सुधारगृहाच्या अधीक्षिकेची नोकरी ती घेते आणि घराबाहेर पडते. सुधारगृहात तिला भ्रष्टाचार, वशिले आणि पळून जाऊ पाहणाऱ्या मुली भेटतात. परत येते तेव्हा घर तिच्यावाचून चालायला शिकलेले असते, नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. ती पुन्हा निघते. या चित्रपटाला त्या काळी मध्यमवर्गीय घरांतून मिळालेला प्रतिसाद दुभंगलेला होता. मूल टाकून बाई जातेच कशी, हा प्रश्न बायकांनीही विचारला. स्मिताने सुलभाला सहानुभूती मिळवून देण्याचा खटाटोप केलेला नाही. ती मुलीची आठवण येऊन व्याकूळ होते आणि तरी नोकरी सोडत नाही, दोन्ही खरे. पडद्याबाहेरही स्त्रियांच्या प्रश्नांत तिला रस होता आणि मुंबईच्या विमेन्स सेंटर या संस्थेशी ती जोडलेली होती.

इतर भाषांतल्या भूमिका धावत्या उल्लेखावर भागवाव्या लागतात, पण यादी पाहिली तरी तिच्यावर कोणाकोणाचा भरवसा होता हे कळते. केतन मेहतांचा गुजराती ‘भवनी भवाई’ (१९८०), मृणाल सेन यांचा बंगाली ‘अकालेर संधाने’ (१९८०), सत्यजित राय यांचा दूरचित्रवाणीसाठी केलेला ‘सद्गति’ (१९८१), कुमार शहानींचा ‘तरंग’ (१९८४), जी. अरविंदन यांचा मल्याळम ‘चिदंबरम’ (१९८५). सेन यांच्या चित्रपटात ती अभिनेत्री स्मिता म्हणूनच येते, १९४३ च्या दुष्काळावर सिनेमा काढायला खेड्यात गेलेल्या चमूतली. गोविंद निहलानींच्या ‘आक्रोश’मध्ये (१९८०) तिच्या वाट्याला संवाद जवळजवळ नाहीतच. महेश भट यांच्या ‘अर्थ’मध्ये (१९८२) ती दुसऱ्या बाजूला उभी आहे, संसार मोडणारी ‘दुसरी बाई’, भीतीने पोखरलेली. सहानुभूती आणि राष्ट्रीय पुरस्कार शबाना आझमींकडे गेले; पण कविता हे पात्र खलनायिका होत नाही, ते स्मितामुळे.

१९८२ साली ती ‘नमक हलाल’ आणि ‘शक्ती’ या अमिताभ बच्चन यांच्या चित्रपटांत दिसली आणि तिच्या चाहत्यांना धक्का बसला. ‘नमक हलाल’मधल्या पावसातल्या नाचगाण्याने ती स्वतःही बेचैन झाली होती. छोट्या चित्रपटांतही पुढे नाव असलेल्या नट्यांनाच घेतले जाऊ लागले, म्हणून हा रस्ता धरावा लागला, असे तिचे म्हणणे होते. ते पटण्यासारखे आहे. तरी त्या धंदेवाईक चित्रपटांतली बरीचशी कामे आज कुणाला आठवतही नाहीत, आणि त्यात तिचा दोष फार नाही. कथानकांत तिच्यासाठी काही लिहिलेलेच नसे.

अभिनेते राज बब्बर यांच्याशी तिने संसार मांडला. ते आधीच विवाहित असल्याने वृत्तपत्रांतून आणि स्त्रीचळवळीतल्या मैत्रिणींकडूनही टीका झाली. २८ नोव्हेंबर १९८६ रोजी मुलगा झाला. बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीतून ती उठली नाही. १३ डिसेंबरला मुंबईत तिचे निधन झाले. वय ३१.

केतन मेहतांचा ‘मिर्च मसाला’ त्यानंतर, १९८७ मध्ये लोकांसमोर आला. सुभेदाराच्या कानशिलात भडकावून मिरचीच्या कारखान्यात आसरा घेणारी सोनबाई ही तिची भूमिका. शेवटी कारखान्यातल्या बायका सुभेदारावर लाल तिखटाचा मारा करतात आणि विळा घेतलेल्या सोनबाईच्या चेहऱ्यावर चित्र थांबते. चित्रपटगृहात ते पाहणाऱ्यांना ती गेल्याचे ठाऊक होते.

भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त २०१३ साली निघालेल्या टपाल तिकिटांत एक तिच्या नावाचे आहे. ‘मंथन’ची नव्याने स्वच्छ केलेली प्रत मे २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा नसीरुद्दीन शाह यांच्यासोबत तिचा मुलगाही तिथे होता. तोही अभिनेता आहे आणि आता आपले नाव प्रतीक स्मिता पाटील असे लावतो.