व्हॉल्व्ह उघडला, पण पाणी आलं का?

रावेर-यावलकडच्या केळीबागांत ठिबकची सूत्रं आता छोट्या संगणकाच्या हाती जाऊ लागली आहेत. कुठला व्हॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवायचा, मध्येच वीज गेली तर राहिलेलं पाणी नंतर कसं द्यायचं, हे त्यातलं सॉफ्टवेअर ठरवतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकलेला असताना त्यात चूक निघाली, तर तिची किंमत बाग मोजते. म्हणून हे सॉफ्टवेअर शेतावर जाण्याआधी नीट तपासलं जायला हवं.

तपासणीचं बरंचसं काम दुसरा प्रोग्रामच करतो. तो सॉफ्टवेअरला खोटं घड्याळ दाखवतो आणि वर्षभराचं वेळापत्रक काही सेकंदांत पळवून बघतो. रात्री ११:४५ला सुरू झालेली पाण्याची पाळी १२:३०ला संपते, मध्ये तारीख बदलते. इथे हिशेब चुकला तर पाळीचा कालावधी चक्क उणे येतो. बऱ्याच ठिकाणी शेतीपंपांना वीज आळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळते, त्यामुळे आपल्याकडे हा प्रसंग नेहमीचाच. प्रोग्राममधली एक ओळ बदलली तरी अशा शेकडो चाचण्या पुन्हा घ्याव्या लागतात. माणूस त्यात थकतो आणि चुकतो, यंत्राचं तसं होत नाही.

पण या चाचण्यांत पाणी कुठेच नसतं! ‘उघड’ हा संदेश व्हॉल्व्हकडे गेला, एवढंच यंत्राला कळतं. विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये विद्युतचुंबक एक छोटी दांडी उचलतो, आतला रबरी पडदा पाण्याच्या दाबाने सरकतो आणि वाट मोकळी होते. बोअरच्या पाण्यातली वाळू पडद्याखाली अडकली, तर ‘बंद’ म्हटल्यावरही व्हॉल्व्ह वाहत राहतो. हे बघायला माणूसच लागतो.

हे बघणं बहुधा वेगळ्या कागदावर टाकलेलं असतं. सगळ्यात शेवटी, घाईत, आठवेल तसं तो कागद भरला जातो. माझ्या मते खरी गफलत इथेच आहे. माणसाची पायरी यंत्राच्या चाचणीतच, तिच्या योग्य जागी बसवावी. तिथे आल्यावर प्रोग्रामने थांबावं आणि विचारावं: ‘तीन नंबरच्या व्हॉल्व्हवरच्या शेवटच्या लॅटरलला (झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या बारीक नळीला) जा. शेवटच्या ड्रीपरखाली (थेंब-थेंब पाणी सोडणाऱ्या तोटीखाली) पाळी संपेपर्यंत, म्हणजे १५ मिनिटं, मापाचं भांडं ठेवा. किती मिलिलिटर जमलं?’

ताशी ४ लिटरचा ड्रीपर असेल तर साधारण १००० यायला हवेत. समजा, ६४० आले. तो आकडा टाकला की प्रोग्राम वेळेसह नोंद करतो आणि पुढची पायरी सांगतो: तोच व्हॉल्व्ह आता हाताने उघडून तेवढाच वेळ चालवा, पुन्हा मोजा. पुन्हा ६४०च्या आसपास आले तर ड्रीपर चोंदला असेल किंवा दाब कमी पडत असेल. पण या वेळी ९८० आले, तर संशय सॉफ्टवेअरवर जातो, कारण पहिल्या खेपेला व्हॉल्व्ह सुमारे पावणेदहा मिनिटांतच मिटला असणार. बघायचं माणसाने, निवाडा यंत्राने!

प्रश्न कसा विचारला, यावर फार काही अवलंबून असतं. ‘पाणी येतंय ना?’ असं विचारलं, तर उन्हात उभा असलेला कुणीही बांधावरूनच ‘हो’ दाबेल. आकडा मागितला की शेवटच्या झाडापर्यंत जावंच लागतं.

साधी पायरी सुटली तर काय होतं, हे १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेत दिसलं. नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहार कंपनीने आठ सर्व्हरवर नवा प्रोग्राम चढवायला घेतला, पण एकावर जुनाच राहिला. दुसऱ्या कुणी ते काम पडताळून पाहिलं नव्हतं, तसा लेखी नियमही नव्हता. सुमारे ४५ मिनिटांत नको ते सौदे होत गेले आणि तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला. आठही सर्व्हरवर कोणती आवृत्ती आहे ते वाचून नोंदवा, एवढी एक पायरी तिथे हवी होती.

माणसाच्या सगळ्याच पायऱ्या कायमच्या नसतात. लॅटरलच्या टोकाला दाब मोजणारा सेन्सर बसवला, की भांड्याच्या बऱ्याच फेऱ्या वाचतात. प्रश्नाची जागा तीच राहते, उत्तर सेन्सरकडून येतं. यंत्राच्या स्क्रीनवरची मराठी मात्र डोळ्यांनीच वाचून बघावी. ‘व्हॉल्व्ह’मधली अक्षरं संगणकाच्या हिशेबी बरोबर असूनही स्वस्त स्क्रीनवर जोडाक्षर फुटू शकतं, आणि दुपारच्या उन्हात ते वाचता येतं का, हे बागेत उभं राहूनच कळतं.