पाणी चढवणारे मळसूत्र : आर्किमिडीजच्या आधी आणि नंतर

तिरपी नळी, आत मळसूत्रासारखे आटे, खालचे टोक पाण्यात. नळी फिरवली की दर फेऱ्याला आट्यांत थोडे पाणी अडकते आणि एकेक आटा चढत वरच्या तोंडातून बाहेर पडते. मोटेसारखे खोल विहिरीतून पाणी काढणे याला जमत नाही. कालव्यातून शेजारच्या शेतात चढवायला मात्र ते उत्तम.

जग याला आर्किमिडीजचे मळसूत्र म्हणते. आर्किमिडीज सिसिलीतल्या सिराक्यूजचा, काळ इ.स.पू. सुमारे २८७ ते २१२. श्रेय त्याला देणारा ग्रीक इतिहासकार डायोडोरस त्याच्यानंतर जवळपास दोन शतकांनी लिहीत होता. यंत्राला ‘इजिप्तचे मळसूत्र’ म्हणतात आणि आर्किमिडीजने ते इजिप्तला गेला असताना शोधले, असे तो सांगतो. त्याच सुमाराचा रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस यंत्राची सारी कृती देतो: ओंडका जितके फूट लांब तितकी अंगुळे जाड, त्यावर डांबर लावलेल्या लवचीक फांद्यांचे आठ आटे, आणि उतार ३-४-५ बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा. आर्किमिडीजचे नाव मात्र तो घेत नाही. म्हणून मला वाटते, नाईलकाठी आधीपासून फिरणारे यंत्र आर्किमिडीजने पाहिले असावे आणि शोधाचे श्रेय त्याच्या नावाला चिकटले असावे.

ब्रिटिश अभ्यासक स्टेफनी डॅली याहून मागे जातात. आजच्या इराकमधल्या निनवेचा राजा सेन्हेरिब (इ.स.पू. ७०४ ते ६८१) याच्या शिलालेखात पाणी उपसण्यासाठी धातूचे ‘वृक्ष’ ओतल्याचा उल्लेख आहे. ती मळसूत्रेच होती, असे त्यांचे म्हणणे. तर्क भुरळ घालणारा आहे, पण तिथे असे मळसूत्र सापडलेले नाही आणि अनेक अभ्यासकांना तो पटलेला नाही.

रोमन काळात हे यंत्र स्पेनच्या खाणींत उतरले. खोली वाढली की खाणीत पाणी भरे. मग एकावर एक मळसूत्रे लावून ते टप्प्याटप्प्याने वर काढत. डायोडोरस या युक्तीचे तोंडभरून कौतुक करतो, आणि लगेच पुढे त्याच खाणींत मुकादमांच्या माराखाली रात्रंदिवस राबून मरणाऱ्या गुलामांबद्दलही लिहितो. या यंत्राच्या इतिहासात त्या माणसांची जागा आर्किमिडीजइतकीच मोठी असायला हवी.

पुढे नेदरलँड्समध्ये पवनचक्क्यांनी मळसूत्रे फिरवून सखल जमिनी कोरड्या केल्या. गाळ-कचऱ्याने ती सहसा तुंबत नाहीत, म्हणून सांडपाणी केंद्रांत आजही दिसतात. १९९० च्या दशकापासून जर्मनीत ती उलटी वापरात आली: वरून उतरणारे पाणी मळसूत्र फिरवते आणि त्यावर वीज तयार होते. थेम्स नदीवरची अशी दोन मळसूत्रे विंडसर किल्ल्याला वीज पुरवतात.