गुडघ्यातलं ‘ग्रीस’ संपत नाही

सोलापुरात कुणाचे गुडघे दुखायला लागले की शेजारीपाजारी निदान करून मोकळे होतात : “ग्रीस संपलं असणार.” यंत्रमागांच्या गावात असं सुचणं साहजिक आहे, पण ते चूक आहे. निरोगी गुडघ्यात वंगण जेमतेम चमचाभर असतं, आणि झिजलेल्या गुडघ्यात ते अनेकदा वाढतं. ‘गुडघ्यात पाणी झालं’ म्हणतात ते हेच.

खांदा आणि खुबा हे उखळीचे सांधे, ते सगळीकडे फिरतात. कोपर बिजागरीचं. गुडघ्यालाही शाळेत बिजागरीच शिकवतात, पण पाय पूर्ण ताठ होताना नडगी किंचित बाहेर वळते आणि सांधा घट्ट बसतो.

खरी कमाल आहे हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेची, म्हणजे गुळगुळीत, लवचिक अस्तराची. जाडी काही मिलिमीटर, आणि त्यात 70 ते 80 टक्के पाणी! कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंच्या जाळ्यात प्रोटिओग्लायकन नावाचे महाकाय रेणू अडकलेले असतात. त्यांच्यावरचे ऋण प्रभार सोडियमचे धन आयन धरून ठेवतात, आयनांमागे पाणी ओढलं जातं, कूर्चा फुगू पाहते आणि तंतू तिला आवरून धरतात. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. पाणी निसटू पाहतं, पण छिद्रं काही नॅनोमीटरचीच, त्यामुळे तेवढ्या क्षणात ते फारसं बाहेर पडत नाही. या कोंडलेल्या पाण्याचा दाबच बहुतेक भार पेलतो. घन भाग एकमेकांवर कमी दाबले जातात, म्हणून घर्षण नॉनस्टिक तव्यावरच्या टेफ्लॉनपेक्षाही कमी.

भार तसाच राहिला तर मात्र पाणी हळूहळू झिरपतं आणि घर्षण वाढतं. मागावर तासन्‌तास उभ्या असलेल्या कामगाराने मधूनच चार पावलं टाकली, विड्या वळणाऱ्या बाईने मांडी सोडून पाय हलवले, की पाणी परत आत शिरतं. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. तिच्या पेशींना अन्नही या द्रवातूनच मिळतं.

‘हाडापर्यंत मुरणारं’ तेल तिथवर पोचत नाही. चोळल्याने, शेकल्याने स्नायू सैल होतात, बरं वाटतं, तेवढ्यासाठी जरूर चोळा. पण झिजलेली कूर्चा भरून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. रक्तपुरवठाच नसल्यामुळे ती शरीरालाही नीट भरता येत नाही. वजन आटोक्यात ठेवणं आणि मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, यांनी दुखणं खरोखर कमी होतं.