अँटीव्हायरल औषधं

अँटीव्हायरल औषधं म्हणजे शरीरात शिरलेल्या विषाणूची वाढ अडवणारी औषधं. अँटिबायोटिक वेगळं आणि हे वेगळं, हे आधी डोक्यात पक्कं बसवायला हवं, कारण कोल्हापुरात पावसाळा सुरू झाला की साध्या सर्दी-तापाला मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घेऊन खाणारे घराघरात सापडतात आणि त्या गोळ्यांचा विषाणूवर काडीचाही परिणाम होत नाही. अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं. बॅक्टेरिया ही स्वतंत्र जिवंत पेशी असते, तिची भिंत, तिची प्रथिनं बनवायची यंत्रणा आपल्यापेक्षा वेगळी, त्यामुळं नेमकं तिलाच मारता येतं. विषाणूला स्वतःचं असं फारसं काही नसतंच, तो आपल्याच पेशीत घुसून तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो, म्हणून त्याला मारताना आपली पेशी मरणार नाही असं औषध शोधायला शास्त्रज्ञांना फार वर्षं लागली. 1960 च्या दशकात डोळ्यातल्या हर्पिससाठी (हा फोड आणणाऱ्या विषाणूंचा एक गट) आयडॉक्स्युरिडिन आलं, पण ते पोटात घेण्यासारखं नव्हतं.

ही औषधं विषाणूच्या प्रवासातला एखादा टप्पा पकडतात. काही त्याला पेशीत शिरूच देत नाहीत, काही त्याच्या जनुकांची नक्कल करणारं एन्झाइम बंद पाडतात, काही तयार झालेली लांब प्रथिनं कापणारं प्रोटिएज अडवतात, तर काही नवीन विषाणू पेशीतून बाहेर पडताना आडवी येतात. म्हणून फ्लूची गोळी हर्पिसला चालत नाही आणि हर्पिसची एचआयव्हीला. टेनोफोविरसारखी एकापेक्षा जास्त विषाणूंवर चालणारी औषधं आहेत पण थोडीच.

सगळ्यात सुंदर काम असायक्लोविरचं, ते जरा नीट बघण्यासारखं आहे. हे औषध पोटात जातं तेव्हा निष्क्रिय असतं. ज्या पेशीत हर्पिस गटातला विषाणू आहे तिथं त्या विषाणूचंच थायमिडिन कायनेज नावाचं एन्झाइम या औषधाला पहिला फॉस्फेट चिकटवतं, पुढचे दोन आपली पेशी चिकटवते, मग ते विषाणूच्या डीएनएच्या साखळीत जाऊन बसतं आणि पुढची कडी जोडायला जागाच नसल्यानं साखळी तिथंच थांबते. निरोगी पेशीत ते एन्झाइम नसतं, म्हणून तिथं औषध जवळजवळ गप्प राहतं. म्हणजे विषाणू स्वतःच्या हातानं स्वतःचा काळ तयार करतो. या प्रकारच्या संशोधनासाठी गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना 1988 चं नोबेल मिळालं, सोबत जेम्स ब्लॅक होते.

आपल्याकडं याचा सगळ्यात जवळचा उपयोग म्हणजे नागीण. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो हर्पिस गटातलाच विषाणू नसांच्या मुळाशी झोपून राहतो आणि उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती खाली आली की शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे आगीआग करणारे फोड घेऊन उठतो. करवीर, कागल, पन्हाळ्याकडच्या गावांत अजूनही आधी काव लावतात, कुणाकडून तरी नागीण उतरवून घेतात, आणि तोंड-शेपूट एकत्र आलं की माणूस जातो ही भीती तर आहेच. खरं तर हे फोड एका नसेच्या पट्ट्यात येतात, त्यामुळं सहसा शरीराची मधली रेघ ओलांडत नाहीत. काव लावल्यानं फार काही बिघडत नाही, बिघडतं ते दिवस गेल्यानं. असायक्लोविर फोड आल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केलं तर खरा फायदा, मोठ्या माणसाला साधारण 800 मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, सात दिवस. पाच वेळा का, तर पोटातून ते फार कमी शोषलं जातं. व्हॅलासायक्लोविर चांगलं शोषलं जातं, त्यामुळं ते तीन वेळाच पुरतं. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असले तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडं जायचं, कारण नजर जाऊ शकते.

वेळेचं हेच गणित फ्लूलाही. ओसेल्टामिविर, म्हणजे 2009 च्या स्वाइन फ्लूत सगळ्यांच्या तोंडी झालेलं टॅमिफ्लू, पहिल्या 48 तासांत घेतलं तर जास्त उपयोगी. धडधाकट माणसाचा ताप त्यानं साधारण एखादा दिवस लवकर उतरतो, त्यामुळं प्रत्येकाला ते लागत नाही, पण गरोदर बाई, दमेकरी, म्हातारी माणसं यांच्यासाठी डॉक्टर वाट बघत बसत नाहीत.

एचआयव्हीत या औषधांनी अक्षरशः माणसं परत आणली. 1987 ला झिडोव्हुडिन आलं, पण एकट्या औषधाला विषाणू लवकरच दाद देईना, म्हणून 1996 च्या सुमारास तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली. ती इतकी महाग होती की गरिबाला परवडायचा प्रश्नच नव्हता. 2001 मध्ये सिप्ला या भारतीय औषध कंपनीच्या युसूफ हमीद यांनी अशी तीन औषधं एकत्र दिवसाला एका डॉलरपेक्षा कमीत द्यायची तयारी दाखवली आणि जगभरचे भाव कोसळले. भारतात सरकारी मोफत उपचार 1 एप्रिल 2004 पासून. आता बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर यांची मिळून दिवसाला एकच गोळी असते, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातल्या एआरटी सेंटरमध्येही (एचआयव्हीच्या औषधांचं केंद्र) ती फुकट मिळते. गोळी नियमित चालू राहून रक्तात विषाणू सापडेनासा झाला की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, पण गोळी आयुष्यभर.

काविळीचं मात्र सगळं एका मापात मोजू नये. 2012 ला इचलकरंजीत पाण्यातून आलेली साथ हिपॅटायटिस ई या लिव्हरला सूज आणणाऱ्या विषाणूची होती, तो आणि हिपॅटायटिस ए सहसा आपोआप बरे होतात. बी ला टेनोफोविर किंवा एन्टेकाविर वर्षानुवर्षं चालतं, आणि बरं वाटतंय म्हणून मनानं बंद केलं तर लिव्हर अचानक बिघडू शकतं. सी मात्र सोफोसबुविरच्या जोडीनं बहुतेकांचा 12 आठवड्यांत पूर्ण बरा होतो, 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधं मोफत आहेत.

साइड इफेक्ट औषधागणिक बदलतात. मळमळ, डोकेदुखी, जुलाब हे कॉमन. असायक्लोविर, विशेषतः शिरेतून देताना, पाणी कमी पडलं तर किडनीत खडे धरल्यासारखे स्फटिक करतं, म्हणून भरपूर पाणी प्यायचं आणि किडनीचा त्रास असेल तर डोस कमी करायचा. एचआयव्हीच्या औषधांत झिडोव्हुडिननं रक्त कमी होतं, टेनोफोविरनं किडनी आणि हाडांवर परिणाम होऊ शकतो, एफाव्हिरेन्झनं भयानक स्वप्नं पडतात, नेव्हिरापिननं अंगावर गंभीर पुरळ येऊ शकतं, डोल्युटेग्राविरनं झोप उडते, वजनही वाढतं. हिपॅटायटिस सी ला वापरलं जाणारं रिबाविरिन गरोदरपणात अजिबात नको. एचआयव्हीतलंच रिटोनाविर तर इतर कितीतरी औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं, त्यामुळं बीपी-हृदयाच्या गोळ्यांची सगळी चिठ्ठी डॉक्टरांपुढं ठेवायलाच हवी.

सगळ्याच विषाणूंना औषध नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, 2021 ला, रेमडेसिव्हिरच्या एका इंजेक्शनसाठी लोकांनी दागिने मोडले, आणि त्याआधीच जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत दाखल रुग्णांचे मृत्यू त्यानं फारसे कमी होत नाहीत असं दिसलं होतं. ज्यांनी ते धावपळ करून आणलं त्यांची चूक नव्हती, त्यांना कुणी हे समजावून सांगितलंच नाही. डेंग्यू आणि चिकुनगुन्याला आजही खास अँटीव्हायरल नाही. तिथं उपचार म्हणजे पाणी-सलाइन, तापाला पॅरासिटामॉल, आणि डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस पोटदुखी, सततच्या उलट्या, हिरड्यांतून रक्त यावर डोळा ठेवणं. ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन नको, त्यानं रक्तस्राव वाढतो.